पन्हळीपासून उघाडीपर्यंत

यंदाच्या अंकाचा विषय ‘घर’ असल्याचं संपादकांनी कळवलं, तेव्हा वसई-विरारला जाऊन तिथल्या घरांच्या भिंती पाहायचं मी ठरवलं. पाऊस सरल्यानंतरचे आणि रंगारी यायच्या आधीचे दिवस त्यासाठी सगळ्यांत चांगले. जिन्याच्या कोपऱ्यात पिवळट वर्तुळं असतात, खिडकीखाली रंगाचे पोपडे सुटलेले असतात, न्हाणीघराच्या पाठभिंतीवर काळी बुरशी धरलेली असते. तळमजल्यावर बऱ्याच घरांत गुडघ्याच्या उंचीला एक आडवी मळकट रेघ दिसते. रस्त्यावरचं पाणी घरात कुठवर चढलं होतं, ते ती रेघ सांगते. दिवाळी तोंडावर आली की या सगळ्यावर पुट्टी फिरते, वर रंग बसतो आणि पुढच्या जूनपर्यंत विषय मिटतो.

या खुणांचा माग काढत गेलं, तर घराच्या उंबऱ्याशी थांबता येत नाही. गच्चीवर पडलेलं पाणी पाइपातून आवारात येतं, आवारातून रस्त्याच्या गटारात, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून रुळांखालच्या मोरीतून खाडीकडे जातं. खाडीला भरती असेल, तर ते तिथेच थबकतं. या वाटेच्या प्रत्येक टप्प्याचा धनी निराळा आहे: सोसायटी, महापालिका, रेल्वे, खारभूमी विभाग. जो तो आपला तुकडा सांभाळतो. पाणी मात्र बहुतेक वेळा दोन तुकड्यांच्या सांध्यावर तुंबतं. म्हणून पाण्याच्याच वाटेनं वरून खाली जात हा लेख लिहिला आहे.

गच्चीवरची वीतभर जाळी

नालासोपारा पूर्वेला आचोळे, तुळिंज, सेंट्रल पार्क या भागांत चार मजली इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत. अशा इमारतीची गच्ची तीन हजार चौरस फूट धरू. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. या हिशेबानं शंभर मिलिमीटर पावसात या एका गच्चीवर सुमारे २८ हजार लिटर पाणी जमतं. ज्या वस्त्यांना उन्हाळ्यात दहा-दहा हजार लिटरचे टँकर मागवावे लागतात, तिथे एका जोरदार पावसात जवळपास तीन टँकर डोक्यावर ओतले जातात. कोकण किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा मोजक्या दिवसांत कोसळतो.

हे सगळं पाणी उतरायला कोपऱ्यांत चार भोकं असतात. प्रत्येकावर वीतभर जाळी आणि खाली चार इंची पीव्हीसी पाइप. वाकून जाळी उचलली की काय निघतं, ते बघण्यासारखं असतं. कबुतरांची पिसं आणि काड्या, गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, डिश अँटेना बसवताना सांडलेली सिमेंटची ढेकळं आणि या सगळ्याला चिकटून ठेवणारा काळा चिखल. त्यात पिंपळाचं रोप हमखास सापडतं. ते वरून खुडून भागत नाही. मुळं सांध्यात उतरलेली असतात आणि पुढच्या पावसात ती पाइपच फोडतात. ती जोडापासून खणून काढावी लागतात आणि मग जोड नव्यानं भरावा लागतो.

जाळी बंद झाली की गच्चीचा तलाव होतो. सहा इंच पाणी साचलं, तर चौरस मीटरला दीडशे किलो वजन पडतं. वावरासाठी असलेल्या गच्चीचं गणित करताना अभियंते माणसासामानाचा भार साधारण तेवढाच धरतात. म्हणजे आपल्या गच्चीवर एकदम ४२ टन भार उभा राहतो. शिवाय एरवी कोरडी राहणारी जागा, म्हणजे स्लॅब आणि कठड्याची भिंत जिथे मिळते तो कोपरा, तासन्‌तास पाण्याखाली राहतो. तिथे मिस्त्री सिमेंटची गोलसर वाट करतात. तीत केसाएवढी चीर पडली, तरी पाण्याला आत शिरायला तेवढं पुरतं.

वसई-विरारमध्ये गळतीवर लोकांना सापडलेला उपाय म्हणजे गच्चीवर पत्र्याची शेड. लोकलच्या दारात उभं राहिलं, तर निळ्या-लाल पत्र्यांची रांग नजरेत मावत नाही. शेडनं स्लॅबवरचा मारा थांबतो, हे खरं. पण पत्र्याला स्वतःची पन्हळ लागते, पन्हळीला उतार लागतो आणि तिचं तोंड पाइपात सोडावं लागतं. हा खर्च पुष्कळ ठिकाणी वाचवलेला दिसतो. मग पत्र्याच्या कडेवरून सगळं पाणी बाहेरच्या भिंतीवर कोसळतं. स्लॅबची गळती थांबते आणि भिंतीची सुरू होते.

भिंत काय सांगते

गळतीची कामं करणारे जुने मिस्त्री आधी भिंतीला हात लावत नाहीत. डाग कुठे आहे, कधी दिसतो आणि कधी वाढतो, एवढंच विचारतात. छताच्या कोपऱ्यातला डाग पावसाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गडद होत असेल, तर गच्चीची वाट किंवा पाइपाचा जोड बघायचा. खिडकीच्या खाली त्रिकोणी ओल असेल, तर चौकटीभोवतीची फट आणि वरच्या छज्ज्याचा उतार तपासायचा. बारा महिने ओल असेल आणि पावसानं त्यात फरक पडत नसेल, तर वरच्या मजल्यावरचं न्हाणीघर. जमिनीपासून कमरेपर्यंत सारखी ओल आणि तिच्यावर पांढरी भुकटी, म्हणजे पाणी जोत्यातून वर चढतंय. ती भुकटी क्षारांची असते. पाणी वाळतं, क्षार मागे राहतात आणि गिलावा आतून फोडतात.

भिंत आतून वाळली आहे की नाही, हे कळायला सोपी रीत आहे. हातभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा कागद डागावर लावायचा, चारही कडा चिकटपट्टीनं बंद करायच्या आणि दोन दिवस थांबायचं. कागदाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब धरले, तर भिंत अजून ओली आहे. तिच्यावर ऑइल पेंट किंवा प्लॅस्टिक पेंट लावणं म्हणजे ओल आत कोंडणं. दिवाळीला लावलेला रंग होळीपर्यंत फुगतो, तो यामुळे. ज्या घरात गळती झाली आहे, तिथे यंदा रंगाचे पैसे राखून ठेवावेत आणि भिंतीला हिवाळ्याची कोरडी हवा लागू द्यावी, असं मला मनापासून वाटतं.

डागाचं नुकसान दिसतं. सळईचं दिसत नाही. काँक्रीटमधल्या सळईपर्यंत पाणी आणि हवा पोचली की ती गंजते आणि गंज मूळ पोलादाच्या दोन ते सहा पट जागा मागतो. आतून रेटा बसून काँक्रीटचा पापुद्रा सुटतो, सळई उघडी पडते आणि गंजायचा वेग वाढतो. समुद्राच्या खाऱ्या हवेत हे आणखी लवकर होतं. बीमच्या लांबीला समांतर चीर आणि तिच्या कडेनं तांबूस ओघळ दिसला, तर रंगारी न बोलावता स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवावा. सहकारी सोसायट्यांच्या नमुना उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. ज्या इमारती परवानगीशिवाय उभ्या राहिल्या, त्यांत सोसायटीच नसते, मग ऑडिट कोण करणार? ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत मध्यरात्री कोसळली आणि १७ माणसं गेली. ती इमारत जेमतेम दशकभर जुनी होती.

गळतीचा खर्च कुणी करायचा, यावरून शेजाऱ्यांत अबोला येतो. नमुना उपविधी याबाबत स्पष्ट आहेत. पावसाच्या पाण्यानं होणारी गळती, गच्ची आणि कठडा, सामाईक पाइप आणि ड्रेनेज यांची दुरुस्ती सोसायटीनं तिच्या खर्चानं करायची. सदनिकेच्या आतल्या कामांचा खर्च सदस्याचा. म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाच्या छतातून पाऊस गळत असेल, तर ते त्याचं एकट्याचं दुखणं नाही. तळमजल्यावाल्यानंही त्यात वाटा उचलायचा आहे.

फाटकाबाहेरचा काळा गाळ

पाइप आवारात उतरतो, तिथे दोन चुका नेहमी दिसतात. एक, पाइप जमिनीपासून हातभर वर तुटलेला असतो आणि त्याची धार सरळ जोत्यावर आपटते. दुसरी जास्त घातक. पावसाचा पाइप कुणीतरी सोयीसाठी संडासाच्या चेंबरला जोडलेला असतो. पाऊस वाढला की चेंबर भरतो आणि तळमजल्याच्या शौचालयातून मैला उलटा वर येतो. दोन्ही वाहिन्या वेगळ्या करणं आणि तळमजल्याच्या वाहिनीवर एकाच दिशेनं उघडणारी झडप बसवणं, हा त्यावरचा उपाय आहे.

फाटकाबाहेर रस्ता आहे आणि तो वर्षागणिक वर येतो. जुना थर न खरवडता नवा डांबराचा किंवा काँक्रीटचा थर टाकला की इमारत होती तिथेच राहते आणि आवार खड्ड्यात जातं. तळमजल्यावरचे रहिवासी मग घरातली जमीन उचलून घेतात. कोबा टाकून वीतभर, पुढच्या खेपेला पुन्हा वीतभर. काही घरांत आता पंख्याला हात लागेल एवढंच छत उरलं आहे. विजेचे मीटर तळमजल्यावरच असतात. ते छातीच्या वर उचलून घेणं, हा या भागात जीव वाचवणारा खर्च आहे.

रस्त्याच्या कडेला काँक्रीटचं गटार असतं आणि त्यावर ढापे. मेमध्ये नालेसफाईची टोळी येते. पहारीनं ढापा उचलायचा, एकानं आत खोरं चालवायचं, दुसऱ्यानं घमेलं वर घ्यायचं. गटारात नुसता गाळ नसतो. बांधकामाची वाळू असते, थर्माकोल असतो, कापडाच्या चिंध्या असतात, मध्येच आडवी गेलेली पाण्याची पाइपलाइन असते आणि तिला अडकून बसलेला कचऱ्याचा गठ्ठा असतो. दुकानासमोर चढ करताना ढाप्यांवर काँक्रीट ओतलेलं असतं. तिथे पहार चालत नाही, म्हणून तेवढा तुकडा सोडून पुढे जातात. तो न उघडलेला तुकडा पुढच्या पावसात अख्खी गल्ली तुंबवतो.

उपसलेला गाळ काठावर ठेवतात. ओला गाळ डंपरमध्ये भरला तर रस्ताभर सांडतो, म्हणून तो निथळू द्यावा लागतो. पण एक-दोन दिवसांत तो उचलला गेला नाही आणि वळवाची सर आली, तर तोच गाळ पुन्हा गटारात जातो आणि सगळी मेहनत वाया जाते. म्हणून गल्लीनं विचारायचा प्रश्न ‘गटार काढलं का’ एवढाच नाही. ‘गाळ उचलला का’ हाही आहे.

पुष्कळ इमारतींच्या शौचटाक्यांचं पाणी याच गटारांत येतं. पावसाचं गटार आणि सांडपाण्याचं गटार इथे वेगळं राहिलेलं नाही. नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीत सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या होत्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२५ च्या सुरुवातीला त्या पाडल्या गेल्या. कुटुंबं बेघर झाली आणि शहराचं मैलापाणी इतकी वर्षं नाल्यांतून वाहत राहिलं. या पाण्यात उतरणाऱ्या माणसाला गमबूट आणि हातमोजे मिळतात की नाही, हे आपण खिडकीतूनही पाहू शकतो. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला शौचटाकीत किंवा मैलावाहिनीत उतरवणं गुन्हा ठरवलं. तरी एप्रिल २०२४ मध्ये विरार पश्चिमेला एका वसाहतीच्या सांडपाणी केंद्रात उतरलेले चार कामगार गुदमरून मेले. सोसायटीनं टाकी साफ करून घेताना पंपाची गाडीच बोलवावी आणि माणूस खाली उतरणार असेल, तर काम थांबवावं.

टेकडी, रूळ आणि भरती

नाल्याच्या कडेनं चालत गेलं की शहराची घडण लक्षात येते. पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर आहे. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र. मधून सोपारा खाडीचा पट्टा जातो. वसई एके काळी बेट होतं आणि त्याला मुख्य भूमीपासून तोडणारी खाडी ती हीच. प्राचीन शूर्पारक बंदराची गलबतं जिथे लागत, त्या पाणथळीच्या आसपास आज वस्ती आहे. डोंगरावरचं पाणी महामार्ग ओलांडतं, मिठागरं आणि सखल जमीन ओलांडतं आणि रेल्वेच्या भरावाशी येऊन अडतं. विरारहून मुंबईला पहिली लोकल १८६७ मध्ये सुटली, तेव्हा भोवती शेतं होती. रुळांखालच्या मोऱ्यांकडे येणारं पाणी तेव्हा शेतांत पसरायचं आणि सावकाश पुढे जायचं. आता ते पसरायला जागा नाही.

१९९० मध्ये या भागाचं नियोजन सिडकोकडे आलं, २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि आसपासची गावं मिळून महापालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १२ लाख २२ हजार भरली. या साऱ्या काळात सखल जमिनींवर मातीचा भराव पडत गेला. भरावावर उभी राहणारी इमारत स्वतः कोरडी राहते आणि शेजारच्या जुन्या इमारतीला बुडवते.

९ आणि १० जुलै २०१८ ला हे सगळं एकदम समोर आलं. नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, वसई-विरार दरम्यानची लोकल बंद पडली, लांब पल्ल्याच्या गाड्या अडकल्या आणि प्रवाशांना बाहेर काढायला एनडीआरएफची माणसं आली. वसईच्या मिठागरांत शेकडो कामगार कुटुंबांसह वेढले गेले. वीज गेली, त्यामुळे पंप बंद आणि पंप बंद म्हणून पिण्याचं पाणीही बंद. एव्हरशाईन, वसंत नगरीसारख्या वसाहतींतलं पाणी पाऊस थांबल्यावरही ओसरेना. त्यानंतर महापालिकेनं आयआयटी मुंबई आणि नीरी यांच्याकडे अभ्यास सोपवला. त्यांनी सुचवलेल्या उपायांतला महत्त्वाचा उपाय धारण तलावांचा आहे. खाडीला भरती असताना पावसाचं पाणी तात्पुरतं थांबवायला मोठी तळी राखायची आणि ओहोटी लागली की ते सोडून द्यायचं.

भरतीची वेळ कोळीवाड्यांत घड्याळाशिवाय काढतात. तिथीला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं. चतुर्थीला तीन वाजता भरती, दशमीला साडेसात. पौर्णिमा-अमावास्येला उत्तर सव्वाअकरा येतं आणि साधारण त्या सुमारापासून बारापर्यंत, दुपारी आणि रात्री, उधाणाची भरती असते. अष्टमीच्या आगेमागे भांग असतो, पाणी फार चढत नाही. अमावास्येच्या दुपारी मुसळधार पाऊस आला, तर नालेसफाई कितीही चोख असो, पाण्याला दोन-तीन तास बाहेर पडायला वाटच नसते. त्या तासांसाठी पाण्याला थांबायला जागा हवी.

खाडीच्या बांधांवर उघाड्या असतात. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं, तेव्हा उघाडीची झडप मिटते आणि खारं पाणी आत येत नाही. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबानं ती आपोआप उघडते. फळी कुजली, तर खारं पाणी शेतात शिरतं. तोंडाशी गाळ साचला, तर आतलं पाणी आतच राहतं. चौथ्या मजल्यावरची जाळी आणि बांधावरची उघाडी यांचं काम एकच आहे आणि दोन्हींची हेळसांड तळमजल्यावरच्या घराला भोवते.

बावखलाच्या काठी

पश्चिमेला गास, निर्मळ, भुईगाव, नंदाखालच्या बाजूला गेलं की अजून वाड्या लागतात. केळी, पानवेली, फुलं, मधून चिंचोळा रस्ता. जुन्या घरांवर मंगलोरी कौलं आहेत. उतार चांगला उभा, वळचण भिंतीपासून हात-दीड हात पुढे, त्यामुळे पागोळ्या भिंतीला शिवत नाहीत. जोतं दगडी आणि उंच. दोन पाख्यांच्या मधल्या खोलगट जागेत जस्ती पत्र्याची पन्हळ. पूर्वी कोकणात पोफळीचं खोड उभं चिरून, कोरून ती करत. मृगाच्या आधी कौलं चाळायची, फुटकी बदलायची, पन्हळीतला पाचोळा काढायचा आणि पावसाच्या अंगाच्या भिंतीला झाप बांधायचे, हा घरातल्या सगळ्यांचा कार्यक्रम असे.

पन्हळीतून पडलेलं पाणी वाडीतल्या पाटानं बावखलात जाई. बावखल म्हणजे वाडीत खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. एके काळी त्यावर रहाट असे आणि वाडीचं शिंपण त्यातून होई. पावसाळ्यात ते जादा पाणी पोटात घेतं, मग ते जमिनीत मुरतं आणि किनाऱ्याच्या वाळूत खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर राखतं. बावखल बुजवलं, तर पावसाळ्यात वाडी तुंबते आणि उन्हाळ्यात विहिरीला खारटपणा येतो. एकाच भरावानं दोन्ही होतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईसाठी चळवळ उभारली, तेव्हा तिच्याकडे केवळ झाडांची चळवळ म्हणून पाहणारे होते. आज पूर्वेच्या इमारतींतलं पाणी पाहिल्यावर वाटतं की ती तितकीच पाण्याच्या जागेची चळवळ होती. तज्ज्ञांनी सुचवलेले धारण तलाव आणि वाडीतली बावखलं यांत तत्त्वाचा फरक नाही. जी आहेत ती न बुजवणं हे नवी खणण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

पावसाआधीचे सात महिने

नोव्हेंबर ते मे हे सात महिने कोरडे असतात आणि खरं काम तेव्हाच होतं. डाग अजून दिसताहेत, तोवर त्यांच्या कडा पेन्सिलीनं आखून तारीख घालावी आणि फोटो काढून ठेवावेत. पुढच्या पावसात डाग वाढला की थांबला, ते यावरून कळतं. गच्चीचा कोबा, वाट, गिलावा ही कामं डिसेंबर-जानेवारीत करावीत. त्यांना पाणी मारायला आणि मग वाळायला वेळ मिळतो. काम झाल्यावर गच्चीची भोकं बंद करून दोन-तीन दिवस वीतभराहून कमी पाणी साठवून पाहावं आणि ती परीक्षा पार पडल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवू नये. वजन वाढतं आणि जुनी चीर खाली तशीच राहते. मार्चमध्ये प्रत्येक पाइपात बादलीनं पाणी ओतून ते खाली किती वेळात येतं ते बघावं. पावसाळाभर दर आठवड्याला आणि मोठ्या पावसाच्या आधी जाळ्या साफ कराव्यात. हे काम कुणाचं, त्याचं नाव फलकावर लिहिलेलं असावं.

एवढं केलं की आपलं आवार नीट राहतं. पण फाटकाबाहेरचा भाग कुणाच्याच यादीत नसतो, तो आपण आपल्या यादीत घ्यायला हवा. एका रविवारी कमिटीच्या दोघा-चौघांनी फाटकापासून गटाराच्या कडेनं चालत निघावं आणि आपलं पाणी ज्या नाल्याला मिळतं, तिथपर्यंत जावं. कुठे ढापा काँक्रीटनं बंद आहे, कुठे पाइपलाइन आडवी आली आहे, कुठे भरावानं नाला अरुंद झाला आहे, ते लिहून काढावं. शेजारच्या सोसायट्यांच्या सह्या घेऊन हा कागद एप्रिलच्या आत प्रभाग समितीच्या कार्यालयात द्यावा आणि पोच घ्यावी. २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर इथे कित्येक वर्षं प्रशासकाचा कारभार होता. गल्लीतलं गटार कुणाला दाखवायचं, हेच लोकांना कळेनासं झालं होतं. तक्रार तेव्हा तोंडी राहिली आणि तोंडी तक्रारीला पावसाळ्यानंतर पुरावा उरत नाही.

असा कागद दहा सोसायट्यांनी दिला, तर तो एका नाल्याचा नकाशा होतो. शंभर सोसायट्यांनी दिला, तर रेल्वेच्या मोऱ्या, खाडीवरच्या उघाड्या आणि उरलेल्या पाणथळ जागा यांच्याविषयी महापालिकेला, रेल्वेला आणि खारभूमी विभागाला एका टेबलाशी बसावं लागेल, कारण सगळ्या कागदांवरची वाट त्यांच्याच दाराशी जाऊन पोचलेली असेल. दिवाळीनंतर होणाऱ्या पहिल्या कमिटी बैठकीत रंगाच्या कोटेशनआधी हा विषय घ्यावा: आपलं पाणी फाटकाबाहेर पडल्यावर कुठे जातं? ज्या सोसायटीला याचं उत्तर देता येईल, तिला पुढच्या जूनमध्ये कुणाकडे काय मागायचं, हेही ठाऊक असेल.